वाघाची जागा

आमच्या किल्ल्यावरचा वाघ पाटलाच्या वाड्यापेक्षा मोठा होता. गुहेत बसवायचा तर गुहाच बुरुजाएवढी करावी लागली असती, म्हणून तो कायम विहिरीमागे असायचा, अर्धा गवतात, अर्धा उघड्यावर. विहिरीवर पाणी भरणारी बाई त्याच्या शेपटीपासून चार बोटांवर. दर दिवाळीत दोघं तशीच शेजारी उभी राहिली आणि आम्हां मुलांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

हा वाघ मला मागच्या वर्षी परत मिळाला. कसबा पेठेतला आमचा वाडा पाडायला निघाला. करार झाले, जागा रिकामी करायची तारीख आली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली. कुलूप गंजून एकजीव झालेलं. दादाने शेवटी कोयंडाच पिरगळून काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली किल्ल्याची मातीची चित्रं, आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली, पितळेची भातुकली, एका डब्यात गोट्या, सागरगोटे आणि काचापाण्याचे बांगड्यांचे तुकडे. दोन भवरे, त्यातल्या एकाची आर गेलेली.

दादा आता ६१ वर्षांचा, मी ५६ची. आई ८४ची. दादाची मुलगी परदेशात, माझा मुलगा बंगळुरूला. आम्ही तिघं जमिनीवर बसून एकेक पुडी सोडत होतो आणि घरात खेळायच्या वयाचं कुणीच नव्हतं. "तू चित्रकलेची बाई," दादा म्हणाला, "तूच ने. तुला काहीतरी करता येईल यांचं."

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. पोरांच्या हाती कागद, माती, काड्या देऊन त्यांतून काय काय उभं राहतं ते पाहिलं. पण स्वतःच्या खेळण्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी घातला होता.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, 'चित्रं' म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्ती. दिवाळीच्या आधी मंडईच्या आसपास आणि कसब्यात कुंभारवाड्याकडे त्यांच्या राशी लागत. अजूनही लागतात, फक्त आता बरीचशी प्लॅस्टरची असतात. आमची मातीची होती. साचा दोन अर्ध्यांचा. पुढचा भाग आणि मागचा भाग दाबून जोडायचे, म्हणून प्रत्येक मावळ्याच्या कानाखालून पायापर्यंत एक बारीक शिवण उतरते. हातात धरलं की अंगठा आपोआप त्या शिवणीवर जातो. ट्रंकेतला पहिला मावळा हातात घेतला तेव्हा माझा अंगठा तिथे गेला, आणि मला कळायच्या आत माझ्या हाताला कळलं की हा कोण आहे. त्याचा भाला नव्हता. डाव्या डोळ्याचा रंग उडालेला. तळाशी, पायांच्या मधल्या खोबणीत, मातीत रुतलेलं केसासारखं काहीतरी होतं. ते अळिवाचं मूळ होतं. वाळून तपकिरी झालेलं, पण अजून मातीला धरून बसलेलं.

किल्ला करायचा म्हणजे आधी विटा आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचं, चिखलाच्या राड्यात बुचकळून काढलेलं. ते वाळलं की डोंगराच्या सुरकुत्या आपोआप पडतात. कुठलाही शिल्पकार इतक्या सहज पाडू शकणार नाही. मग अळीव आणि मोहरी पेरायची. सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसू लागलं की अंगणातली सगळी मुलं पालथी पडून जमिनीला गाल लावून बघत बसत, कारण त्या उंचीवरून ते खरोखरचं रान दिसायचं. महाराज सर्वात वर. पहारेकरी बुरुजांवर. खाली गाव, बाजार, विहीर. तोफेपेक्षा कोंबडी मोठी, हत्तीएवढी गवळण. प्रमाणाचा हिशोब नव्हता, पण जागेचा कडक होता. कोण कुठे उभं राहणार यावरून भांडणं व्हायची, रडारड व्हायची. वाघ विहिरीमागे, हे दादाने ठरवलेलं.

चित्रकलेच्या तासाला मी मुलांना प्रमाण शिकवलं. माणूस साडेसात डोक्यांचा असतो, लांबची वस्तू लहान दिसते, वगैरे. ते शिकवायलाच हवं. पण मुलाच्या खेळात वस्तू मोठी असते ती तिच्या महत्त्वाने, आणि हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या वाघाने शिकवलं होतं. मधल्या काळात मी ते विसरले होते.

विसरले होते याचा पुरावा म्हणजे माझा पहिला प्रयत्न. मी अकरा चित्रं निवडून धुतली. भाल्यासाठी बांबूची काडी तासून बसवली. अ‍ॅक्रिलिकने रंग दिले, वर वार्निशचा हात. निळ्या मखमलीवर ते अकरा जण ओळीने चिकटवले आणि चार इंच खोल पेटीची फ्रेम करून घेतली, पुढे काच. दिवाणखान्यात लावली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, "किती सुंदर" म्हणायचे. आई समोर खुर्ची ओढून बराच वेळ बसली.

"हा आपला मावळा नाही गं," ती म्हणाली. "आपला एका डोळ्याने अधू होता."

मी सांगितलं, तोच आहे, मीच रंगवलाय.

"मग त्याला कशाला बरा केलास?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दादा लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा तो मावळा त्याच्या मुठीत होता, तीन दिवस. घामाने आणि अंगठ्याच्या घासण्याने तो डोळा गेला. आईने ते पाहिलं होतं, उशाशी बसून. मी जो रंग भरला त्याखाली ते तीन दिवस गेले.

त्यानंतर मी वाचायला लागले, बघायला लागले, की मोठ्या कलावंतांनी खेळण्यांचं काय केलं. पिकासोची १९५१ची एक माकडीण आहे, पोटाशी पिल्लू घेतलेली. तिचं तोंड म्हणजे दोन खेळण्यातल्या मोटारी, एक सुलटी, एक तिच्याखाली उलटी. वरच्या गाडीची पुढची काच म्हणजे माकडिणीचे डोळे. मोटारी त्याच्या मुलाच्या, क्लोदच्या. पोरगं तेव्हा चार वर्षांचं. पुढे सगळं ब्रॉन्झमध्ये ओतलं, पण मोटारी लपवल्या नाहीत. बघणारा आधी माकड बघतो, मग मोटार बघतो, मग पुन्हा माकड. दोन्ही एकाच वेळी खरं असणं, हाच तर खेळ असतो. आमच्या अंगणात वीट ही वीटही असायची आणि दरवाजाही. क्लोदला मात्र गाड्या परत मिळाल्या नसणार, हे मनात येतंच. मुलाचं खेळणं घेऊन कला करणं यात थोडी हिसकावणी असते, ती मान्य करून पुढे जावं लागतं.

पॉल क्ले उलट्या बाजूने गेला. १९१६ ते १९२५ या काळात त्याने आपल्या मुलासाठी, फेलिक्ससाठी, हातात घालून नाचवायच्या सुमारे ५० बाहुल्या केल्या. काड्यापेटी, हाड, विजेचं सॉकेट, जुन्या कपड्यांचे तुकडे, जे घरात सापडेल ते. प्रदर्शनासाठी नाही, खेळण्यासाठी. त्यातल्या ३० आज स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जपून ठेवल्या आहेत. मी त्यांचे फोटो बघते तेव्हा कलाकारी नंतर दिसते. मान कुठे ढिली झालीय, कापड कुठे विटलंय ते आधी दिसतं. फेलिक्सच्या बोटांनी ते केलंय.

आपल्याकडे अवनींद्रनाथ टागोरांनी आयुष्याच्या उतरणीला वाळक्या फांद्या, मुळं, बांबूचे तुकडे गोळा करून त्यांतून पशुपक्षी काढले आणि त्यांना 'कुटुम-काटाम' असं लाडकं नाव दिलं. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने बडोद्याच्या कला विद्यालयाच्या जत्रेसाठी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी केली. आणि आपल्या पुण्यातच, आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी उभी केली. माझा प्रवास यांच्या उलट दिशेचा. पण हातातली वस्तू दोन क्षण थांबून न्याहाळायची, ती आणखी काय होऊ बघतेय हे तिलाच विचारायचं, ही रीत एकच.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलते. जेफ कून्सचा आरशासारखा लखलखीत स्टीलचा ससा आहे, १९८६चा. फुग्याचा असावा तसा. २०१९ मध्ये तो ९ कोटी डॉलरच्या वर विकला गेला. करणाऱ्याचं कौशल्य मोठं आहे. पण त्यात मला मूल सापडत नाही. त्यावर कुणाचं बोट उमटू शकत नाही, उमटलं तर पुसतील. माझी निळ्या मखमलीवरची फ्रेम त्याच वाटेने निघाली होती.

आईला घेऊन बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात गेले. तिथे ती लग्नानंतर एकदा गेली होती, त्यानंतर नाहीच. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. त्यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, दरवाजे, सोंगट्या, बाहुल्या अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळ्या राज्य सरकारला देऊन टाकल्या. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे त्यांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी खेळण्यांच्या कपाटापुढे उभं असताना ते वेगळंच लागलं. एका बापाने मूल गेल्यावर अख्ख्या महाराष्ट्राच्या घरांतलं सामान मुलाच्या नावे मांडून ठेवलंय. आई काचेला हात टेकून उभी होती. पहारेकऱ्याने हळू आवाजात "आजी, काच" म्हटल्यावर तिने हात काढला. पाच बोटांचे ठसे थोडा वेळ तिथे राहिले, मग विरले.

संग्रहालयाला काच लावावीच लागते. रोज शेकडो हात. पण मला वाटलं, माझ्या घरात काच कुणापासून वाचवायला लावली आहे मी?

घरी येऊन फ्रेम उतरवली. रंग काढायचा प्रयत्न केला. वार्निशखाली जुना रंगही निघू लागला तसा थांबले. ते अकरा जण आता कायमचे गेले, असं म्हणून ट्रंकेत ठेवले. राहिलेल्या सव्वीसांना हात लावायचा नाही, पुसायचंही नाही, कोरड्या ब्रशने फक्त सैल धूळ झटकायची, एवढं ठरवलं. सुदैवाने दादाच्या तापातला मावळा सोडला तर बाकीची महत्त्वाची मंडळी या सव्वीसांतच होती. वाघ होता. विहीरवाली होती.

मग बाहुली. आजीने ती माझ्यासाठी शिवली तेव्हा मी तीन वर्षांची होते. जुन्या हिरव्या लुगड्याचं अंग, केस काळ्या लोकरीचे, नाक म्हणजे उलट्या टाक्याच्या दोन आडव्या रेघा. बरगडीपाशी उसवलेली होती. उसवणीतून बोट घातलं तर आत आजोबांच्या धोतराच्या घड्या लागल्या आणि त्यांच्या मध्ये काहीतरी टणक. चिंचोके. आजीने तळाशी मूठभर चिंचोके भरले होते. बाहुली बसवली की का लवंडत नसे, ते मला ५३ वर्षांनी कळलं. आजी हे कुणाला बोलली नव्हती. तिला ते सांगण्यासारखं वाटलंही नसेल. दुपारी सगळं आवरल्यावर, डोळ्यांना कमी दिसत असताना, नातीची बाहुली पडू नये म्हणून तिने तो विचार केला होता.

माईक केली नावाच्या अमेरिकन कलावंताने १९८७ मध्ये जुन्या बाजारातून हाताने विणलेली, शिवलेली टाकून दिलेली खेळणी गोळा केली आणि एका मोठ्या कॅनव्हासवर दाटीवाटीने शिवून टाकली. कामाच्या नावाचा अर्थ साधारण असा, की कधीच फेडता येणार नाहीत इतके मायेचे तास. त्याच्या मनात त्या मायेविषयी शंकाही होती. एवढं प्रेम देऊन मुलाला ऋणात बांधलं जातं, असं काहीसं. मी ते समजू शकते, पण चिंचोक्यांना हात लागल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. मी उसवण तशीच ठेवली. फक्त तिच्या कडेला दोन टाके घातले, पुढे फाटू नये म्हणून, आणि ते टाके मुद्दाम लाल दोऱ्याचे, म्हणजे आजीचे कुठले आणि माझे कुठले हे कुणालाही कळावं.

भातुकलीतला बंब चेपलेला होता. वीतभर उंचीचा, खालून विस्तव घालायचं तोंड, वर झाकण, सगळं बेतशीर. तुळशीबागेतून आईच्या आईने आणलेला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. तो घेऊन तांबट आळीत गेले. आमच्या लहानपणी त्या आळीचा ठोक्यांचा आवाज वाड्याच्या गच्चीवर यायचा, दिवसभर, एका लयीत. आता ठोके विरळ झालेत. एका वयस्क कारागिराने बंब हातात घेतला, उलटा केला, तळाला नख मारून आवाज ऐकला.

"पोचा काढायचाय का, ताई?"

मला खरंच ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही काय कराल?"

त्यांनी शेजारचा नवा तांब्या पुढे ओढला. त्यावर मठाराच्या ओळी, प्रत्येक ठोका दुसऱ्याला चिकटून, भिंगासारखा उजेड पकडणारा. "हा मठार मी मारतो. पोटासाठी मारतो, बरोबर मारतो." मग बंबाच्या पोच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा पोरानं मारलाय. हा मला जमायचा नाही."

त्यांनी फक्त झाकणाची सैल कडी घट्ट करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. पोचा मीच मारला होता, फरशीवर आपटून, आईने भातुकली आवरायला सांगितलं म्हणून. तो राग आता माझ्याकडे त्या एका खळग्याशिवाय कुठेच शिल्लक नाही.

वाडा पाडायच्या आधी दादाने एक फडताळ भिंतीतून अख्खं काढून घेतलं होतं. सागवानी चौकट, तीन फळ्या, दारं नसलेलं. मधली फळी काढली. आत विटांचे तुकडे रचले, त्यावर गोणपाट चिखलात भिजवून टाकलं; चिखलात थोडा डिंक आणि लाकडाचा भुसा कालवला, म्हणजे भेगा कमी पडतात. वाळायला नऊ दिवस लागले. डोंगर आपला आपण उभा राहिला. मी सव्वीसही चित्रं मांडून पाहिली, गर्दी झाली. रोज एखाददुसरं काढत गेले. शाळेत असताना मुलं चित्रात सगळं कोंबायची तेव्हा मी म्हणायचे, "आता यातलं काय काढलं तरी चालेल ते सांग." ते मलाच सांगावं लागलं. शेवटी चौदा राहिली. बाहुली डोंगराच्या पायथ्याशी बसवली, चिंचोक्यांच्या भरवशावर, वाघाहून चौपट मोठी. बंब कड्यावर. गोट्या सुकलेल्या ओढ्यात. बांगड्यांचे तुकडे कुठेच बसेनात, ते डब्यातच राहिले.

फडताळ बसवायला आलेल्या सुताराने विचारलं, चित्रं चिकटवायची ना? धक्का लागला तर पडतील. मी नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, किती उंचीवर? जोसेफ कॉर्नेल हा काचेच्या पेट्यांत चेंडू, पाइप, पक्षी, पत्ते मांडून काम करायचा. १९७२ मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पेट्यांचं खास मुलांसाठी प्रदर्शन भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या आणि खायला केक ठेवला होता. ते आठवून मी सुताराला जमिनीपासून दीड फूट सांगितलं. त्याने दोनदा मोजून घेतलं. एवढ्या खाली लावलं तर बसून बघावं लागेल, असं त्याने मला समजावलं. मी हो म्हटलं.

आई आता सकाळचा चहा तिथेच घेते. पाट मांडून बसते, कारण खुर्चीवरून दिसत नाही. गुडघ्यांना त्रास होतो, उठताना माझा हात लागतो, पण ऐकत नाही. गवळण तिने दोनदा हलवली आहे. मला न विचारता.

गेल्या रविवारी दादा आला. मी काही सांगितलं नव्हतं. तो आधी उभ्याने बघत राहिला, मग वाकला, मग भिंतीला हात टेकत हळूहळू खाली बसला आणि शेवटी पालथा झाला, साठी उलटलेला माणूस, फरशीला गाल लावून. आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने हात आत घातला, वाघाला कमरेत धरून उचललं आणि विहिरीच्या मागे, उजव्या अंगाला, अर्ध्या बोटाने सरकवून ठेवलं.

"इथे असायचा," तो म्हणाला. आणि मान न वळवता, "अळीव आहेत का गं घरात?"